देवाचं भय आणि बाकीच्या सगळ्या भीती

आजचं वाचन : निर्गम २०:१८-२१, लेवीय १९:१४, लूक १२:४-७



मागच्या रविवारी उपासनेनंतर आमच्या युवक संघात एका मुलीने सरळच विचारलं, "देव प्रेम आहे असं आपण शिकतो. मग पवित्र शास्त्र पुन्हा पुन्हा परमेश्वराचं भय धरायला का सांगतं? ज्याच्यावर प्रेम करायचं, त्याला घाबरायचं कसं?"

कोणीतरी नेहमीचं उत्तर दिलं, "अगं, भय म्हणजे आदर." ती म्हणाली, "मग आदर असंच लिहिलं असतं ना!"

तिचं बरोबर होतं. सीनाय पर्वताजवळ उभे असलेले इस्राएल लोक आदराने उभे नव्हते, ते थरथर कापत होते. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात देवाला भस्म करणारा अग्नी म्हटलं आहे. अशा शब्दांवर "आदर" एवढंच लेबल चिकटवून आपण पुढे गेलो, तर काहीतरी महत्त्वाचं हातातून सुटतं. म्हणून हा आठवडा मी याच प्रश्नावर मनन केलं, आणि खरं सांगायचं तर मला एक जुनी, लाज वाटणारी गोष्ट आठवली. तीही आज सांगणार आहे.

एका वचनात दोन भीती

आधी निर्गम २०:२० उघडा. दहा आज्ञा नुकत्याच दिल्या गेल्या आहेत. गडगडाट, विजा, शिंगाचा आवाज, धुराने भरलेला डोंगर. लोक मागे सरकतात आणि मोशेला विनवतात की तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरू.

मोशेचं उत्तर वाचताना मी आधी गोंधळलो होतो. तो लोकांना म्हणतो की घाबरू नका. आणि लगेच त्याच वाक्यात सांगतो की देव आला आहे तो तुमची पारख करायला, म्हणजे त्याचं भय तुमच्यापुढे राहील आणि तुम्ही पाप करणार नाही. घाबरू नका, म्हणजे तुम्हाला भय राहील! मूळ इब्री भाषेत दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत, त्यामुळे हा भाषांतराचा घोटाळा नाही. मोशे एक भीती काढून घेतो आणि त्या जागी दुसरी देतो.

दोन्हींत फरक काय? पुढच्याच वचनात दिसतो. लोक दूर उभे राहिले, आणि मोशे त्या दाट अंधाराकडे, जिथे देव होता तिथे, जवळ गेला. पहिली भीती माणसाला देवापासून लांब पळवते. दुसरी भीती असलेला माणूस कापत का होईना, पण देवाकडे चालत जातो.

पहिली भीती फार जुनी आहे. पवित्र शास्त्रात "मला भीती वाटली" असं सर्वांत आधी आदाम म्हणतो (उत्पत्ती ३:१०), आणि भीती वाटल्यावर तो काय करतो? झाडांमध्ये लपतो. आपणही तेच करतो. पाप झालं की प्रार्थना बंद. दोन रविवार चर्चला दांडी. बायबलचं ॲप फोनच्या शेवटच्या पानावर. आपल्याला वाटतं आपण देवाला भितो म्हणून असं होतंय. खरं तर ही आदामाचीच भीती आहे, शिक्षेची. प्रेषित योहानाने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलं आहे की पूर्ण झालेली प्रीती भीतीला बाहेर घालवते, कारण त्या भीतीत शिक्षेचा विचार असतो. बाहेर जायची आहे ती हीच भीती.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन याने योहानाच्या याच पत्रावर प्रवचनं दिली. तिथे तो दोन बायकांचं उदाहरण देतो. दोघीही नवऱ्याला भितात. एकीच्या मनात पाप आहे, तिला भीती वाटते की नवरा घरी येईल. दुसरीचं त्याच्यावर खरं प्रेम आहे, तिला भीती वाटते की तो सोडून जाईल. भीती दोघींच्या मनात आहे, पण एकीला तो यायला नको आहे आणि दुसरीला तो जायला नको आहे. मला इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं मिळालं नाही. स्वतःला तपासायलाही हे सोपं आहे. आज रात्री प्रभू समोर येऊन बसला तर तुम्हाला आत कुठेतरी बरं वाटेल, की लपायला जागा शोधाल?

इथे एक गोष्ट थांबून सांगतो. आपल्यापैकी काही जण अशा घरात वाढलेत जिथे "बाबांचा धाक" म्हणजे पट्टा होता. अशांना कोणी सांगितलं की देवाचं भय म्हणजे वडिलांच्या धाकासारखंच, तर ते वचन जखमेवर पडतं. तुमच्याबाबतीत असं असेल तर स्तोत्र १३० वाचा. स्तोत्रकर्ता म्हणतो की देवाने पापांचा हिशेब ठेवला तर कोणीच उभं राहू शकणार नाही, पण त्याच्याजवळ क्षमा आहे, आणि म्हणूनच त्याचं भय धरलं जातं. पुन्हा वाचा, सावकाश. हे भय शिक्षेतून आलेलं नाही, क्षमेतून आलं आहे. इतकं मोठं देणं माफ करणारा कोणी आहे, आणि त्याला दुखवायचं नाही, या जाणिवेने पोटात जे होतं ते हे भय.

हे भय दिसतं कुठे?

आता माझी गोष्ट.

मी कामाला सॉफ्टवेअरमध्ये. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. बिलांचा डेटा जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये न्यायचा होता, आणि ती स्क्रिप्ट मी लिहिली होती. आमच्याकडे टेस्टिंगला कंत्राटावर एक मुलगा होता, कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला. गुरुवारी त्याने मला मेसेज केला, "सर, स्क्रिप्ट मध्येच बंद पडून परत चालवली तर काय होतं, ते तपासू का?" मी लिहिलं, "नको, वेळ नाही."

रिलीजच्या रात्री स्क्रिप्ट मध्येच बंद पडली. मी परत चालवली. शनिवारी सकाळी शेकडो ग्राहकांना एकच बिल दोनदा गेलेलं होतं.

सोमवारी चूक कुठे झाली हे शोधायला कॉल झाला. मॅनेजर, क्लायंटची माणसं, आम्ही चारपाच जण. तो मुलगा कॉलवर नव्हता, कंत्राटी लोकांना अशा कॉलला बोलवत नसत. विचारणा झाली, आणि मी म्हणालो, "हे टेस्टिंगमध्ये सुटलं असावं." एवढंच. शब्दाशब्दाने पाहिलं तर खोटंही नव्हतं, टेस्टिंगमध्ये ते सुटलंच होतं. नोंदीत तसं लिहिलं गेलं आणि कॉल संपला.

त्या वर्षी मी वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा प्लॅन धरला होता, आणि त्या आठवड्यात मी लेवीयात अडकलो होतो. तुम्हाला माहीत आहे लेवीय म्हणजे काय, बहुतेकांचा प्लॅन तिथेच बंद पडतो. मंगळवारी सकाळी बसमध्ये उभ्याने वाचत होतो आणि लेवीय १९:१४ समोर आलं. बहिऱ्याला शाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. मी हे परमेश्वर आहे, असं शेवटी येतं.

मला प्रश्न पडला, की बहिऱ्याला शाप दिल्याने त्याचं काय बिघडतं? त्याला तर ऐकूच येत नाही. आणि मग कळलं की वचनाचा मुद्दाच तो आहे. ज्याला ऐकू येत नाही तो उत्तर देऊ शकत नाही. ज्याला दिसत नाही तो कोणी अडथळा ठेवला ते सांगू शकत नाही. तिथे पकडले जाण्याची भीती शून्य असते. मग तुम्हाला थांबवणारं काय उरतं? फक्त देवाचं भय. त्या माणसाला ऐकू आलं नाही, पण देवाला आलं.

सोमवारच्या त्या कॉलवर तो मुलगा बहिरा होता. आणि मी बोललो होतो.

नंतर मी लेवीयात शोधलं. "आपल्या देवाचं भय धर" असं या पुस्तकात पाच वेळा येतं. १९:१४ मध्ये बहिरा आणि आंधळा. १९:३२ मध्ये म्हातारी माणसं. २५:१७ मध्ये व्यवहारात समोरच्याला फसवू नका म्हणून. २५:३६ मध्ये गरीब झालेल्या भावाकडून व्याज घेऊ नका म्हणून. २५:४३ मध्ये हाताखालच्या माणसावर कठोरपणे सत्ता गाजवू नका म्हणून. पाचही ठिकाणी समोर असा कोणीतरी आहे ज्याच्यापेक्षा आपला हात वर असू शकतो, आणि आपल्याला जाब विचारणं त्याला सहसा जमणार नाही. आपण देवाचं भय शोधतो उपासनेत, गुडघ्यांवर, डोळे मिटून. तिथेही ते असतंच. पण लेवीय ते तपासतं आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी आपण कसे वागतो त्यावरून.

आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी हे वचन जरा टेबलावर लावून ठेवावं. ॲपमध्ये ग्राहकाच्या लक्षात येऊ नये म्हणून आधीच टिक करून ठेवलेला चौकोन, सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण सात पानांमागे लपवणं, हे सगळं आंधळ्याच्या वाटेत ठेवलेले दगडच आहेत. आपण म्हणतो, "रिक्वायरमेंट तशी आहे."

पापभीरू की धीट?

आपल्या मराठीत "पापभीरू" असा एक शब्द आहे. तो आपण जरा कीव करत वापरतो. पापभीरू माणूस म्हणजे बिचारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, साहेबाने दरडावलं की मान खाली. भीरू म्हणजे भित्रा, म्हणून तसंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण पवित्र शास्त्रातली देवाला भिणारी माणसं बघा, चित्र उलटं आहे.

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. मिसरचा राजा फारो त्यांना हुकूम देतो की इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका, मुलगी असेल तर जगू द्या. त्या काळी फारोचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पण वचन १७ सांगतं की त्या देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी मुलगे जिवंत ठेवले. निर्गमात देवाचं भय पहिल्यांदा दिसतं ते या दोन बायांमध्ये, मोशेच्या जन्माच्याही आधी. आणि गंमत बघा, फारोचं नाव त्या अध्यायात कुठेच दिलेलं नाही. सुइणींची नावं मात्र आजही आपण वाचतो.

त्या निडर होत्या असं शास्त्र म्हणत नाही. त्यांना एक मोठं भय होतं, आणि त्यापुढे फारो लहान झाला होता.

नहेम्याचंही तसंच. यरुशलेमच्या भिंती बांधणारा हा माणूस बारा वर्षं तिथला अधिपती होता. आधीचे अधिपती लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल रुपं घेत असत. नहेम्याच्या मेजावर रोज दीडशे यहूदी माणसं जेवत, तरी त्याने अधिपतीचा भत्ता घेतला नाही. कारण? नहेम्या ५:१५ मध्ये तो स्वतःच सांगतो की देवाच्या भयामुळे आपण तसं केलं नाही. कायद्याने तो भत्ता त्याचाच होता. कोणी जाब विचारणार नव्हतं.

मंगळवार ते गुरुवार माझ्या मनात फारोच फारो होते. मॅनेजरची भीती. अप्रेझलची भीती. घराच्या हप्त्याची भीती. क्लायंटपुढे नाक कापलं जाण्याची भीती. गुरुवारी रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅनेजरला सांगशील ते सांगशील, पण आधी त्या मुलाला फोन कर." तिने देवाचं नावही घेतलं नाही, पण बोलली ती लेवीयच.

मी फोन केला. सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मला चार दिवस वाटत होतं की मी तुम्हाला नीट विचारलंच नाही."

शुक्रवारी मी त्याचा तो मेसेज आणि माझं उत्तर जोडून मॅनेजरला मेल केली आणि नोंद दुरुस्त करून घेतली. मॅनेजर चिडले. म्हणाले, सोमवारीच बोलायला हवं होतं. खरंच होतं ते. त्या वर्षी माझं रेटिंग खाली आलं. आणि दोन महिन्यांनी त्या मुलाचं कंत्राट पुढे वाढलं नाही. म्हणून ही साक्ष मी "मी खरं बोललो आणि देवाने सगळं ठीक केलं" अशी सांगू शकत नाही. माझं खरं चार दिवस उशिरा आलं, आणि त्या चार दिवसांची किंमत मी एकट्याने भरली नाही. मला क्षमा मिळाली आहे, त्यानेही केली आणि प्रभूनेही. पण कॉलवर नसलेल्या माणसाबद्दल कोणी बोलायला लागलं की आजही माझ्या पोटात काहीतरी हलतं. ते हलणं जाऊ नये अशी माझी प्रार्थना आहे.

येशू काय म्हणतो

लूक १२:४-७ मध्ये प्रभू येशू हा विषय शिष्यांसमोर काढतो, आणि आधी त्यांना "मित्र" म्हणतो. मग सांगतो की शरीराला मारण्यापलीकडे ज्यांना काही करता येत नाही त्यांना भिऊ नका, ज्याला मरणानंतरचाही अधिकार आहे त्याचं भय धरा. कडक शब्द आहेत, ते पातळ करू नये. पण येशू तिथे थांबत नाही. पुढच्याच वाक्यात पाच चिमण्या येतात, दोन नाण्यांना विकल्या जाणाऱ्या. त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, तेव्हा भिऊ नका.

सीनायवर मोशेने जे केलं तेच येशू इथे करतो. भय धरा, आणि भिऊ नका. ज्याच्या हातात सगळा अधिकार आहे, त्याच्याच लक्षात दोन नाण्यांची चिमणी आहे. अशा देवाचं भय ज्याला आहे, त्याला मॅनेजरची भीती पुरून पुरून किती पुरणार?

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त धरून ठेवते. यशया ११:३ सांगतं की येणाऱ्या मशीहाला परमेश्वराच्या भयात आनंद वाटेल. इब्री ५:७ सांगतं की येशूने अश्रू ढाळत प्रार्थना केल्या, आणि त्याच्या सद्भक्तीमुळे, त्या भयामुळे, त्याचं ऐकण्यात आलं. म्हणजे ज्याच्याइतकं पित्यावर कोणीच प्रेम केलं नाही, त्या पुत्रालाही हे भय होतं, आणि त्यात त्याला आनंद होता. मग प्रेम आणि भय एकमेकांचे शत्रू कसे असतील? गेथशेमाने बागेत त्याला क्रूस दिसत होता. तो लपला नाही. आदाम जिथे झाडांमागे गेला, तिथे येशू बागेतून पुढे चालत गेला, आपल्यासाठी. म्हणून आज आपल्याला लपायची गरज नाही.

युवक संघातल्या त्या ताईला माझं उत्तर असं आहे. ज्याच्यावर प्रेम करायचं त्यालाच असं भ्यायचं असतं. बाकी कोणाला नाही.

या आठवड्यासाठी

१. तुम्ही सध्या देवापासून काही लपवत आहात का? ते एका वाक्यात वहीत लिहा आणि स्तोत्र १३० मोठ्याने वाचा.

२. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, घरात "बहिरा" कोण आहे? ज्याच्याबद्दल बोललं जातं पण ज्याला बोलावलं जात नाही असा कोणी? घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, नवीन आलेला ज्युनिअर?

३. कोणाला फोन करायचा राहिला असेल तर आजच करा. चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आदामासारखं लपण्याची आमची सवय तू जाणतोस. शिक्षेची भीती आमच्यातून काढून टाक, आणि तुझ्या क्षमेतून येणारं भय आमच्यात राहू दे. जिथे कोणी बघत नाही तिथे तू आहेस हे आम्हाला विसरू देऊ नकोस. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी नीट वागायला आम्हाला शिकव. आणि आमच्या मनातले सगळे फारो तुझ्यापुढे लहान होऊ देत. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.